व्हायकिंग समाजातील वस्त्रे व अलंकार : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

युरोपच्या इतिहासात इ.स. ७९३ ते १०६६ हा कालखंड सामान्यतः ‘व्हायकिंग युग’ म्हणून ओळखला जातो. ७९३ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिसफार्न येथील मठावर झालेला हल्ला ही या युगाची सुरुवात, तर १०६६ मधील स्टॅमफर्ड ब्रिजची लढाई हा त्याचा शेवट मानण्याचा प्रघात आहे. आजचे डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन हे या लोकांचे मूळ प्रदेश. तेथून ते पश्चिमेस आइसलँड व ग्रीनलँडपर्यंत आणि पूर्वेस व्होल्गा नदी, बगदादचा व्यापार व कॉन्स्टँटिनोपलपर्यंत पोहोचले. लूटमार करणारे दर्यावर्दी ही त्यांची प्रतिमा सर्वपरिचित आहे. मात्र याच लोकांची शेती, पशुपालन, व्यापार, वस्त्रोद्योग व धातुकाम यांतील प्रगती तुलनेने दुर्लक्षित राहिली.

व्हायकिंग म्हटले की दोन शिंगे असलेले शिरस्त्राण घातलेला रानटी योद्धा डोळ्यांसमोर उभा राहतो. या प्रतिमेला व्हायकिंग युगातील कोणताही पुरावा आधार देत नाही. १८७६ मध्ये जर्मनीतील बायरॉइट येथे रिचर्ड वाग्नर यांची संगीतनाट्यमालिका सादर झाली. तिच्यासाठी कार्ल एमिल डोपलर यांनी वेशभूषा तयार केली आणि तीत शिंगांच्या व पंखांच्या शिरस्त्राणांचा वापर केला. पुढे चित्रे, जाहिराती व चित्रपट यांनी हीच प्रतिमा रूढ केली. डेन्मार्कमधील व्हेक्सो येथे १९४२ मध्ये शिंगे असलेली दोन शिरस्त्राणे सापडली हे खरे. परंतु ती कांस्ययुगातील, म्हणजे इ.स.पूर्व सुमारे ९०० या काळातील आहेत. त्यांच्यात आणि व्हायकिंग युगात सुमारे सतराशे वर्षांचे अंतर आहे. नॉर्वेतील येरमुंडबू येथे १९४३ मध्ये सापडलेले दहाव्या शतकातील लोखंडी शिरस्त्राण गोलाकार असून त्याला डोळ्यांभोवती चष्म्यासारखे संरक्षक कवच आहे. शिंगे मात्र नाहीत.

एका रंगभूमीवरील वेशभूषेने संपूर्ण समाजाची ओळख शतकाहून अधिक काळ झाकून टाकावी, ही घटना इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करायला लावणारी आहे. व्हायकिंग लोक प्रत्यक्षात काय परिधान करीत होते, ते आपल्याला कशावरून कळते आणि त्यातून त्या समाजाविषयी कोणते निष्कर्ष निघतात, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) व्हायकिंग युगातील वस्त्रे व अलंकारांविषयीच्या साधनांचे स्वरूप व त्यांच्या मर्यादा समजून घेणे.
२) स्त्री-पुरुषांच्या पोशाखाचे व अलंकारांचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) वस्त्रनिर्मितीमागील श्रम, व्यापार व अर्थव्यवहार यांचा आढावा घेणे.
४) पोशाखाचा सामाजिक दर्जा, कायदा, धर्म व अस्मिता यांच्याशी असलेला संबंध तपासणे.

अभ्यासाची साधने व त्यांच्या मर्यादा

लोकर, लिनन व रेशीम हे सेंद्रिय पदार्थ असल्याने जमिनीत ते लवकर नष्ट होतात. व्हायकिंग युगातील अखंड वस्त्र सापडणे म्हणूनच अत्यंत दुर्मिळ आहे. स्वीडनमधील मेलारेन सरोवरातील ब्योर्को बेटावर बिर्का हे व्यापारी नगर होते. तेथे हालमार स्टोल्पे यांनी १८७१ पासून सुमारे दोन दशकांहून अधिक काळ उत्खनन केले आणि सुमारे ११०० दफने उघडली. या दफनांतील वस्त्रावशेषांचा पहिला पद्धतशीर अभ्यास आग्नेस गाइयर यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे इंगा हेग यांनी १९७४ मध्ये बिर्का येथील स्त्रीवेशाची नव्याने मांडणी केली.

हे अवशेष टिकण्याचे कारण रासायनिक आहे. कांस्याच्या किंवा लोखंडाच्या अलंकाराला चिकटलेले कापड धातूच्या क्षारांमुळे टिकून राहते. काही वेळा धागा नाहीसा होतो, परंतु गंजामध्ये त्याचा हुबेहूब ठसा राहतो. अर्थात जेथे धातू तेथेच कापड, असा हा पुरावा आहे. परिणामी धातूचे जड अलंकार वापरणाऱ्या संपन्न स्त्रियांच्या पोशाखाची माहिती अधिक मिळते, सामान्य पुरुषांची कमी मिळते आणि दास-दासींची जवळजवळ मिळतच नाही. तसेच दफनातील पोशाख हा मृताचा रोजचा वेश होता की अंत्यविधीसाठी निवडलेला विशेष वेश होता, हा प्रश्नही उरतोच. वस्त्रांचा इतिहास लिहिताना ही असमानता सतत लक्षात ठेवावी लागते.

या त्रुटीची काही प्रमाणात भरपाई अन्य स्थळांनी केली आहे. हेदेबी हे डेन्मार्कच्या तत्कालीन सीमेवरील, आज उत्तर जर्मनीत असलेले बंदर. तेथील १९७९-८० च्या उत्खननात जुन्या कपड्यांच्या चिंध्या मोठ्या संख्येने मिळाल्या. जहाजांना डांबर लावण्यासाठी त्या वापरल्या गेल्या होत्या आणि त्या डांबरामुळेच टिकल्या. थडग्यांत न दिसणारे सामान्य जनांचे कपडे या टाकाऊ चिंध्यांतून प्रकाशात आले. इंग्लंडमधील यॉर्क येथे कॉपरगेट भागात १९७६ ते १९८१ या काळात झालेल्या उत्खननात चामड्याची पादत्राणे, रेशमी टोपी आणि एकाच सुईने गाठी घालत विणलेला लोकरी मोजा मिळाला. डेन्मार्कमधील विबोर्ग येथे १९८० च्या दशकात अकराव्या शतकातील लिननचा सदरा उपलब्ध झाला. नॉर्वेतील ओसेबर्ग येथील जहाज-दफन १९०४ मध्ये उत्खनित झाले. वृक्षवलयांच्या आधारे त्याचा काळ इ.स. ८३४ असा निश्चित झाला आहे. त्यात दोन स्त्रियांसह भिंतीवरील चित्रपट्ट, रेशमाचे तुकडे व विणकामाची साधने मिळाली.

लिखित साधनांमध्ये अरब प्रवाशांचे वृत्तांत, इंग्लंडमधील ख्रिस्ती धर्मगुरूंची पत्रे, तसेच आइसलँडमधील सागा व कायदेग्रंथ यांचा समावेश होतो. यांपैकी अरब व इंग्रज लेखक परके होते, तर सागा प्रामुख्याने तेराव्या शतकात, म्हणजे वर्णित घटनांनंतर दोन-तीनशे वर्षांनी लिहिल्या गेल्या. म्हणून कोणतेही एक साधन स्वतंत्रपणे प्रमाण न मानता त्यांची परस्परांशी पडताळणी करणे आवश्यक ठरते.

स्त्रियांचा पोशाख

संपन्न व्हायकिंग स्त्रीच्या पोशाखात साधारणपणे तीन थर असत. सर्वांत आत लिननचा लांब बाह्यांचा झगा असे. बिर्का येथील काही झग्यांवर बारीक चुण्या घातलेल्या आढळतात. त्यावर लोकरीचा, खांद्यांवर पट्ट्यांनी तोललेला बाह्यविरहित पोशाख घातला जाई. या पट्ट्यांची टोके छातीच्या वरच्या भागी दोन अंडाकृती ब्रूचनी अडकवीत. तिसरा थर शाल, झगा किंवा पुढून उघडणाऱ्या अंगरख्याचा असून तो तिसऱ्या ब्रूचने बंद केला जाई. दोन अंडाकृती ब्रूचच्या मध्ये मण्यांच्या माळा लोंबत. एका ब्रूचला साखळीने सुरी, कात्री, सुयांची डबी किंवा किल्ली अडकवलेली असे. किल्ली ही गृहिणीच्या घरावरील अधिकाराची खूण असल्याचे मत अनेक अभ्यासक मांडतात.

ब्रूचच्या आतील बाजूस चिकटून राहिलेल्या कापडी फासांवरून ही संपूर्ण रचना सिद्ध झाली. मात्र मधल्या पोशाखाच्या आकाराविषयी मतभेद आहेत. हेग यांच्या मते तो नळीसारखा बंद होता. आनिका लार्सन यांनी २००७ मध्ये तो पुढून उघडा असल्याचे मत मांडले. २००६ मध्ये रशियातील प्स्कोव येथील दफनात रेशमी पट्ट्या लावलेल्या लिनन पोशाखाचे मोठे भाग मिळाले आणि या चर्चेला नवी सामग्री मिळाली. काही इंच कापडाच्या आधारे संपूर्ण पोशाख उभा करण्याची ही प्रक्रिया असल्याने एकच अंतिम नमुना मिळण्याची अपेक्षा धरता येत नाही. प्रदेश, काळ व कुटुंबाची ऐपत यांनुसार पोशाखात फरक असणे स्वाभाविक होते.

पुरुषांचा पोशाख

पुरुष लिननचा सदरा, त्यावर गुडघ्यापर्यंत येणारा लोकरी अंगरखा, विजार आणि खांद्यावर झगा वापरीत. झगा उजव्या खांद्यावर ब्रूच किंवा कडीच्या पिनेने अडकवीत. त्यामुळे तलवार धरणारा हात मोकळा राही. हेदेबी येथे पायांना गुंडाळायच्या लोकरी पट्ट्यांचे अवशेष मिळाले आहेत. गॉटलँड बेटावरील चित्रशिळांवर गुडघ्याखाली आवळलेल्या घोळदार विजारी घातलेले पुरुष दिसतात. बिर्का येथील काही पुरुषांच्या दफनांत छातीवर कांस्याच्या गुंड्यांची ओळ आढळते. ती पुढून उघडणाऱ्या, पूर्वेकडील धर्तीच्या अंगरख्याची निदर्शक आहे. पूर्व युरोपातील गवताळ प्रदेशांतील अश्वारूढ जमातींशी आलेल्या संपर्काचा हा परिणाम होता.

डेन्मार्कमधील माम्मेन येथील दफन इ.स. ९७०-७१ मधील आहे. १८६८ मध्ये उघडलेल्या या थडग्यात भरतकाम केलेले लोकरी वस्त्र व रेशमाचा वापर केलेले मनगटपट्टे मिळाले. भडक रंग, भरतकाम व रेशीम हे केवळ स्त्रियांचे भूषण नव्हते. सत्ताधारी पुरुषांनीही त्यांचा मुक्तपणे वापर केला, हे यावरून स्पष्ट होते.

वस्त्रनिर्मिती आणि स्त्रियांचे श्रम

व्हायकिंग युगाचे वर्णन करताना तलवार व जहाज यांना अग्रस्थान मिळते. टकळी व माग यांचा उल्लेख क्वचितच होतो. वस्तुतः या दोन साधनांवाचून व्हायकिंगांची जहाजे किनारा सोडू शकली नसती. मेंढ्यांची लोकर काढणे, ती विंचरणे, टकळीवर सूत कातणे आणि उभ्या मागावर विणणे ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करीत. त्यांचा माग भिंतीला टेकवून उभा ठेवलेला असे. ताण्याच्या धाग्यांना खाली माती किंवा दगडाची वजने बांधून ताण दिला जाई. स्त्रियांच्या दफनांत टकळीच्या चकत्या व विणकामाच्या वस्तू वारंवार सापडतात. इव्हा अँडरसन स्ट्रँड यांनी बिर्का व हेदेबी येथील अशा साधनांचा अभ्यास करून धाग्याची जाडी व चकतीचे वजन यांतील संबंध दाखवला आहे.

या श्रमाचे प्रमाण साध्या हिशेबाने समजते. एका सेंटिमीटरमध्ये ताण्याचे १० व बाण्याचे १० धागे असलेले एक चौरस मीटर कापड विणायचे झाल्यास सुमारे २००० मीटर सूत लागते. टकळीवर ताशी ४० मीटर सूत निघते असे धरले, तर केवळ कताईसाठी ५० तास खर्च होतात. लोकर विंचरणे, ताणा लावणे, विणणे, रंगवणे व शिवणे ही कामे याव्यतिरिक्त होती. एका प्रौढ व्यक्तीच्या अंगरख्याला व झग्याला कित्येक चौरस मीटर कापड लागे. जहाजाचे शीडही लोकरीचेच असे आणि मोठ्या जहाजाच्या शिडासाठी असे अनेक दशक चौरस मीटर जाड कापड विणावे लागे. म्हणजे एका जहाजाच्या मोहिमेमागे अनेक स्त्रियांचे दीर्घकाळाचे श्रम उभे होते. त्यांत दासींचाही वाटा होता. इतिहासग्रंथांत मोहिमेच्या नायकाचे नाव येते. शीड विणणाऱ्यांचे येत नाही.

आइसलँडमध्ये ‘वाडमाल’ नावाचे लोकरी कापड चलन म्हणून वापरले जाई. त्याची लांबी, रुंदी व दर्जा यांविषयी कायद्याने नियम ठरवले होते आणि चांदीशी त्याचा विनिमय दर निश्चित होता. मिशेल हेयर स्मिथ यांनी उत्तर अटलांटिकमधील वस्त्रावशेषांच्या अभ्यासातून या कापडाच्या निर्मितीत स्त्रियांची भूमिका केंद्रस्थानी असल्याचे प्रतिपादन केले आहे. ज्या समाजात कापड हेच चलन असते, तेथे विणणारी स्त्री घरात बसून एक प्रकारे नाणेच पाडत असते. तिच्या या आर्थिक भूमिकेच्या तुलनेत तिला राजकीय अधिकार किती होते, हा प्रश्न मात्र वेगळा राहतो.

रंग, रेशीम आणि दूरचा व्यापार

व्हायकिंगांचे कपडे तपकिरी व मळकट होते, हीसुद्धा एक रूढ पण चुकीची समजूत आहे. रासायनिक पृथक्करणातून अनेक वनस्पतिजन्य रंग सिद्ध झाले आहेत. तांबडा रंग मंजिष्ठेच्या वर्गातील मुळांपासून, जांभळा दगडफुलाच्या वर्गातील वनस्पतींपासून, तर निळा रंग ‘वोड’ या वनस्पतीच्या पानांपासून मिळवीत. वोडमधील रंगद्रव्य भारतीय निळीतील रंगद्रव्यच आहे. ओसेबर्ग येथील दफनात वोडचे बीजही मिळाले. पेनेलोपी वॉल्टन रॉजर्स यांच्या अभ्यासानुसार इंग्लंडमधील डॅनिश वस्तीच्या भागात तांबडा, डब्लिनमध्ये जांभळा आणि स्कँडिनेव्हियात निळा रंग अधिक प्रमाणात आढळतो. रंगाची निवड स्थानिक उपलब्धतेवर तसेच आवडीवर अवलंबून होती असे दिसते.

रेशीम मात्र पूर्णतः आयात केलेले होते. ओसेबर्ग येथे रेशमाचे शंभरहून अधिक तुकडे मिळाले. मारियाने वेडेलर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांपैकी बऱ्याच तुकड्यांचा उगम पर्शियाच्या परिसरात व बायझंटाइन साम्राज्यात शोधला आहे. मूळ नक्षीचा विचार न करता या कापडाच्या अरुंद पट्ट्या कापून त्या कपड्यांच्या कडांना शिवलेल्या आढळतात. मौल्यवान वस्तू थोडी, पण ती ठळकपणे दिसावी, असा हा विचार आहे. इ.स. ९४४ च्या सुमारास कीव्हचे रूस व कॉन्स्टँटिनोपल यांच्यात झालेल्या तहात रूस व्यापाऱ्यांना ५० सुवर्णनाण्यांपेक्षा अधिक किमतीचे रेशीम विकत घेण्यास मनाई होती. सम्राटाच्या दृष्टीने रेशीम हा केवळ माल नव्हता, तर राजनीतीचे साधन होते, हे या कलमातून दिसते.

रेशमाच्या मोबदल्यात उत्तरेकडून फर, गुलाम व अन्य वस्तू जात. उत्तर नॉर्वेतील ओटार या प्रमुखाने नवव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडचा राजा आल्फ्रेड याला आपल्या उत्पन्नाची माहिती दिली होती. सर्वांत श्रीमंत सामी व्यक्तीकडून त्याला मार्टेन या प्राण्याची १५ कातडी, रेनडिअरची ५ कातडी, अस्वलाचे एक कातडे, पिसे, अस्वलाच्या किंवा पाणमांजराच्या कातड्याचा अंगरखा आणि जहाजाचे दोर अशी खंडणी मिळे. एका समाजाचा थाट दुसऱ्या समाजाकडून वसूल केलेल्या खंडणीवर उभा होता, हे येथे नोंदवणे अगत्याचे आहे.

अलंकार : सौंदर्य, संपत्ती आणि श्रद्धा

अंडाकृती ब्रूच हा स्कँडिनेव्हियन स्त्रीचा वैशिष्ट्यपूर्ण अलंकार होय. डेन्मार्कमधील रीबे येथे आठव्या शतकापासून मातीच्या साच्यांत या ब्रूचचे ओतकाम होत असे. तेथे साच्यांचे तुकडे मोठ्या संख्येने मिळाले आहेत. एकाच नमुन्याचे ब्रूच नॉर्वेपासून रशियापर्यंत आढळतात. म्हणजे हे दागिने मोठ्या प्रमाणावर तयार होत आणि त्यांची एक सर्वमान्य शैली होती. तीन पाकळ्यांच्या आकाराचे ब्रूच हे मुळात फ्रँक योद्ध्यांच्या तलवारीच्या पट्ट्यावरील धातुपट्टीवरून आले. परक्या योद्ध्याच्या पट्ट्यावरील वस्तू स्कँडिनेव्हियात स्त्रीचा दागिना झाली, हे सांस्कृतिक देवाणघेवाणीचे बोलके उदाहरण आहे.

मण्यांमध्ये काच, अंबर, स्फटिक व तांबडा अकीक यांचा वापर होई. रीबे येथील कारागीर जुन्या रोमन कुट्टिमचित्रांतील काचेचे ठोकळे वितळवून मणी बनवीत. अकीकाच्या मण्यांचा उगम अभ्यासक पश्चिम आशिया व भारतीय उपखंड यांच्या परिसरात शोधतात. अकीकाच्या कामाची गुजरातमधील खंबायत परिसराची दीर्घ परंपरा पाहता ही शक्यता भारतीय अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. अरब व्यापाऱ्यांच्या हातून अशा वस्तू व्होल्गाच्या मार्गाने उत्तरेस पोहोचत.

चांदीची कडी व गळ्यातील वेढे यांना सौंदर्याइतकेच आर्थिक मूल्य होते. अरब दिरहम नाणी वितळवून ठराविक वजनाची कडी बनवीत आणि गरज पडली की त्यांचे तुकडे तोडून व्यवहार करीत. गॉटलँडमधील स्पिलिंग्स येथे १९९९ मध्ये सापडलेल्या धनसंचयात सुमारे ६७ किलो चांदी होती. तीत १४ हजारांहून अधिक नाणी व ४८६ कडी होती. इ.स. ९२२ मध्ये व्होल्गाकाठी रूस व्यापाऱ्यांना भेटलेल्या इब्न फदलान या अरब दूताने एक लक्षणीय गोष्ट नोंदवली आहे. पतीजवळ दहा हजार दिरहम झाले की पत्नीला गळ्यातला एक वेढा मिळे, वीस हजार झाले की दोन. स्त्रियांच्या छातीवर पतीच्या ऐपतीनुसार लोखंड, तांबे, चांदी किंवा सोन्याची डबी असे, असेही तो लिहितो. ही डबी म्हणजे ब्रूचच असावी असे सामान्यतः मानले जाते. स्त्रीचा देह हा कुटुंबाच्या संपत्तीची जाहीर नोंदवही होता, असा याचा अर्थ होतो.

अलंकारांतून श्रद्धाही व्यक्त होत असे. थोर या देवतेच्या हातोड्याची लोलके दहाव्या शतकात विशेष लोकप्रिय झाली. ख्रिस्ती क्रूसाच्या प्रसाराला दिलेले हे उत्तर असावे असे मत आहे. डेन्मार्कमधील ट्रेंडगार्डन येथे सापडलेल्या दगडी साच्यात हातोडा व क्रूस हे दोन्ही एकत्र कोरलेले आहेत. धर्मांतराचा संघर्ष राजदरबारी काहीही असो, कारागीर मात्र दोन्ही गिऱ्हाइकांना सेवा देत होता.

देहाची निगा व सजावट

हरणाच्या शिंगांपासून बनवलेल्या फण्या व्हायकिंग स्थळांवर विपुल प्रमाणात मिळतात. त्यांच्या भाषेत शनिवारला ‘धुण्याचा दिवस’ असे नाव होते आणि आजही स्कँडिनेव्हियन भाषांत ते टिकून आहे. तेराव्या शतकातील वॉलिंगफर्डच्या जॉन यांच्या नावावरील इतिवृत्तात डॅनिश लोक रोज केस विंचरीत, दर शनिवारी स्नान करीत व वारंवार कपडे बदलीत, अशी तक्रार आहे. त्यामुळे इंग्रज स्त्रियांची मने ते जिंकीत, असा लेखकाचा आक्षेप होता. याउलट इब्न फदलान याने रूसांच्या अस्वच्छतेचे किळसवाणे वर्णन केले आहे. नियमित शुद्धी करणाऱ्या मुस्लिम निरीक्षकाचा मापदंड वेगळा होता, हे लक्षात घेतल्यास या दोन विधानांतील विसंगतीचा उलगडा होतो.

दहाव्या शतकात हेदेबीला भेट देणारा इब्राहिम इब्न याकूब तेथील स्त्री-पुरुष दोघेही डोळ्यांना अंजनासारखे प्रसाधन लावीत असे सांगतो. इब्न फदलान याने पुरुषांच्या अंगावर नखांपासून मानेपर्यंत गडद आकृत्या असल्याचे नोंदवले आहे. कॅरोलिन आर्सिनी यांनी २००५ मध्ये पुरुषांच्या पुढच्या दातांवर आडव्या खोबणी घासल्याचा पुरावा प्रसिद्ध केला. आता अशा शंभरहून अधिक व्यक्ती ज्ञात असून त्यांतील बहुसंख्य गॉटलँडच्या आहेत.

पोशाख, कायदा आणि सामाजिक मर्यादा

‘रीग्सथुला’ या प्राचीन नॉर्स काव्यात दास, शेतकरी व सरदार या तीन वर्गांच्या उत्पत्तीची कथा असून प्रत्येकाचे वस्त्र, अन्न व रूप वेगवेगळे दाखवले आहे. पोशाख ही वर्गाची खूण होती, हे त्यातून स्पष्ट होते. आइसलँडच्या ‘ग्रागास’ या कायदासंग्रहात स्त्रीने पुरुषाचा किंवा पुरुषाने स्त्रीचा वेश केल्यास हद्दपारीची शिक्षा होती. ‘लाक्सडेला सागा’मध्ये गुडरून ही नायिका पतीला मुद्दाम खोल गळ्याचा सदरा शिवून देते आणि त्याच कारणावरून त्याला घटस्फोट देते. पुढे थोर्ड हा आपली पत्नी विजार घालते म्हणून तिला सोडतो. सागेतील प्रसंग जसेच्या तसे घडले असे मानता येत नाही. तथापि पोशाखातील लिंगभेद कायद्याने जपावा इतका तो महत्त्वाचा होता, एवढे निश्चित.

या पार्श्वभूमीवर बिर्का येथील ५८१ क्रमांकाचे दफन विशेष लक्षवेधी ठरते. तलवार, कुऱ्हाड, बाण व दोन घोडे असलेले हे दफन शतकभराहून अधिक काळ पुरुष योद्ध्याचे मानले गेले. २०१७ मध्ये जनुकीय चाचणीने ती व्यक्ती स्त्री असल्याचे सिद्ध झाले. त्या दफनात अंडाकृती ब्रूच नव्हते. रेशमी टोपी व तिच्यावरील चांदीचे अलंकरण यांचे अवशेष होते. तिची प्रत्यक्ष सामाजिक भूमिका कोणती, याविषयी वाद आहे. परंतु शस्त्र म्हणजे पुरुष आणि ब्रूच म्हणजे स्त्री, हे अभ्यासकांचे गृहीतकच यामुळे तपासणीखाली आले. कायदा जे निषिद्ध मानतो ते समाजात घडतच नव्हते, असे समजणे योग्य नाही. उलट निषेधाची गरज का भासली, हा प्रश्न अधिक उपयुक्त आहे.

पोशाखाचे अनुकरण हाही चिंतेचा विषय होता. ७९३ च्या हल्ल्यानंतर अल्क्विन या विद्वानाने नॉर्थम्ब्रियाच्या राजाला लिहिलेल्या पत्रात, ज्यांचे भय वाटते त्याच मूर्तिपूजकांच्या दाढी-केसांचे अनुकरण केल्याबद्दल त्याची कानउघाडणी केली. शत्रूची फॅशन हल्ल्यापूर्वीच पोहोचलेली होती, असा त्याचा स्पष्ट अर्थ आहे. आइसलँडच्या स्नोरी स्टर्लुसनने सांगितलेली कथा व्यापाराच्या अंगाने जाते. आइसलँडच्या व्यापाऱ्यांचे करडे झगे नॉर्वेत खपेनात, तेव्हा राजा हाराल्डने त्यांतील एक झगा स्वतः परिधान केला. त्याचे पाहून लोकांनी सारे झगे विकत घेतले आणि राजाला ‘करडा झगा’ हेच उपनाम मिळाले.

स्थलांतर, अस्मिता आणि आधुनिक वापर

जेन कर्शॉ यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्लंडच्या डॅनिश वस्तीच्या प्रदेशात सापडलेल्या स्कँडिनेव्हियन शैलीच्या पाचशेहून अधिक अलंकारांची नोंद केली. व्हायकिंग स्थलांतर हे केवळ सैनिकांचे होते, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. स्त्रिया आपले दागिने व पोशाखाची रीत घेऊन तेथे आल्या होत्या. मूळ भूमीत दहाव्या शतकाच्या अखेरीस अंडाकृती ब्रूच मागे पडले. ख्रिस्ती धर्माचा स्वीकार व पश्चिम युरोपीय पोशाखाचा प्रभाव ही त्यामागील प्रमुख कारणे होत.

आधुनिक काळात या वारशाचा राजकीय वापरही झाला. १९३० च्या दशकात हेदेबीचे उत्खनन नाझी राजवटीच्या एसएस संघटनेच्या छत्राखाली गेले आणि ‘शुद्ध’ उत्तरी वंशाच्या कल्पनेशी व्हायकिंगांची सांगड घालण्यात आली. वस्त्रे व अलंकारांचा पुरावा या कल्पनेला छेद देतो. एकाच स्त्रीच्या अंगावर स्थानिक लोकर, पश्चिम आशियाई रेशीम, फ्रँक धर्तीचा ब्रूच आणि अरब नाण्यांची चांदी एकत्र येऊ शकत होती. मात्र उलट दिशेची घाईही टाळावी लागते. २०१७ मध्ये बिर्का येथील फितीवर ‘अल्लाह’ हा शब्द विणलेला असल्याचा दावा झाला व त्याला मोठी प्रसिद्धी मिळाली. स्टेफनी मुल्डर यांनी त्या धर्तीची चौकोनी कुफी लिपी बऱ्याच नंतरच्या काळातील असल्याचे दाखवून त्यावर आक्षेप घेतला. निष्कर्ष सोयीचा वा उदात्त असला म्हणून पुराव्याची कसोटी शिथिल करता येत नाही.

निष्कर्ष

१) शिंगांच्या शिरस्त्राणाची प्रतिमा एकोणिसाव्या शतकातील रंगभूमीने रूढ केलेली असून तिला व्हायकिंग युगातील पुरावा नाही.
२) वस्त्रावशेष प्रामुख्याने धातूच्या सान्निध्यात टिकल्याने संपन्न स्त्रियांविषयीची माहिती अधिक आहे. दास व गरीब वर्गाचे मौन हे पुराव्याच्या स्वरूपातून आलेले आहे.
३) कताई व विणकाम हा व्हायकिंग अर्थव्यवस्थेचा आणि सागरी विस्ताराचा कणा होता व त्याचा भार प्रामुख्याने स्त्रियांनी वाहिला.
४) अलंकार हे सौंदर्यसाधन, चलन, श्रद्धाचिन्ह व सामाजिक दर्जाची खूण अशा चारही भूमिका बजावीत.
५) व्हायकिंग पोशाख हा अनेक संस्कृतींच्या संपर्कातून घडला. त्याला वंशशुद्धीचे प्रतीक मानणे इतिहासाशी विसंगत आहे.

राजांच्या वंशावळी व लढायांच्या तारखा यांतून जे निसटते ते डांबराने माखलेल्या चिंध्यांनी आणि ब्रूचखाली अडकलेल्या धाग्यांनी जपून ठेवले. सामान्य स्त्री-पुरुषांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाने अशा क्षुल्लक वाटणाऱ्या साधनांकडे अधिक गांभीर्याने पाहणे आवश्यक आहे.